दुपारी तीनची मोजणी

"ताई, दुपारी तीनला घरात कोण कुठे असतं ते आठवून सांगू नका. दोन-तीन दिवस नीट बघा, मग सांगा," असं मापवाल्या काकांनी बजावलं होतं, आणि तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं.

सोडून देणारच. बटणच्या शिंका मोजून ठेवणारी बाई ती! बटण म्हणजे तिची सात महिन्यांची मुलगी. नाक शर्टाच्या बटणाएवढं, म्हणून आजोबांनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बटण किती वाजता झोपली, कुठल्या कुशीवर झोपली, झोपेत कितीदा हुंकार दिला, हे सगळं तिच्या वहीत होतं. नवरा चेष्टेनं म्हणायचा, "या घरात उंदीर शिंकला तरी तुझ्याकडे नोंद होते." अशा बाईला कुणी परक्या माणसानं येऊन सांगावं, की स्वतःचं घर आधी बघून घ्या?

घर गार करणारं यंत्र घ्यायचं ठरलं ते मात्र बटणसाठी नव्हे, बाबांसाठी. बाबा म्हणजे तिचे सासरे. सगळा जन्म शिंपीकामात गेला, अजूनही गल्लीतले जुने लोक त्यांना मास्तरच म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात, तिला सातवा महिना होता तेव्हा, ते भर दुपारी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले आणि दोरीखालीच मटकन बसले. शेजाऱ्यांनी धरून खाली आणलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बाबांना सोडून तिच्याकडे आणि नवऱ्याकडे बघत सांगितलं, "रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, वय झालंय. यांना तहान लागलेली कळत नाही आणि उकडलेलंही कळत नाही. येत्या उन्हाळ्यात दुपारी हे जिथे बसतील ती जागा गार पाहिजे. नुसत्या पंख्यावर भागवू नका. या वेळी चकरेवर निभावलं, पुढच्या वेळी निभावेलच असं नाही."

"मला कसला उकाडा?" घरी आल्यावर बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं इस्त्रीच्या तोंडाशी काढली आहेत मी."

"म्हणूनच," ती म्हणाली. "इस्त्रीनं तुमचा काटाच बिघडवलाय."

तर उन्हाळ्याच्या आधी घरभर एकच यंत्र बसवायचं ठरलं. छतातून नळ्या जाणार, प्रत्येक खोलीत एक जाळी, आणि थंडीत तेच यंत्र उलटं चालून बाहेरच्या हवेतली ऊब आत आणणार. हीट पंप. नाव ऐकल्यापासून तिला त्याचं वेड लागलं. बटणला पाजता पाजता ती एका हातानं फोनवर वाचत बसायची. बाहेर बोचरी थंडी असताना त्या हवेत ऊब असतेच कुठे? तर असते म्हणे, फक्त आपल्याला जाणवत नाही. आणि हे 'टन' म्हणजे काय प्रकरण? यंत्राचं वजन? ते तर नाही. शोधत शोधत ती मुळाशी गेली: एक टन बर्फ एका दिवसात वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन. रात्री जेवताना तिनं हे सगळ्यांना सांगितलं.

"म्हणजे तीन टन घेतलं की रोज तीन टन बर्फ आपल्या छतावर?" नवरा म्हणाला. "मग पाच घेऊया. चुकून कमी नको पडायला. दुकानातला तो फोनवरचा माणूसही पाचच म्हणत होता."

तिलाही पाच पटत होतं. बटणचे सगळे कपडे ती एक माप मोठेच आणायची, वाढतं अंग म्हणून. पण बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"माणूस बघितला नाही, फोनवर माप सांगितलं? असला कसला शिंपी तो? अगं, ढगळ कपडा म्हणजे चांगला कपडा नव्हे. आधी अंगाला टेप लावा, मग बोला."

मापवाले काका आले ते या एका वाक्यामुळे. यंत्राचं दुकान दुसऱ्याचं, हे फक्त घर मोजून कागद करून द्यायचे. पन्नाशी उलटलेली, सडपातळ अंगकाठी, कानावर पेन्सिल, खिशात होकायंत्र. आल्या आल्या त्यांनी पाणी नको, चहा नको म्हटलं आणि भिंतीवर तळहात टेकवून उभे राहिले, डॉक्टर पोट दाबून बघतो तसे. मग टेप काढला. खिडक्यांची लांबी-रुंदी, काच एकेरी की दुहेरी, छतावर ऊन थेट पडतं का, दारांच्या खाली फट किती. ती बटणला कडेवर घेऊन त्यांच्या मागे मागे खोल्या हिंडत होती आणि प्रश्नांवर प्रश्न विचारत होती.

"काका, पाच टन घेतलं तर वाईट काय?"

"पाचवालं यंत्र दहा मिनिटांत घर गार करतं आणि बंद पडतं. हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग गार पण चिकट. ओल्या टॉवेलात गुंडाळल्यासारखं. परत सुरू, परत बंद. यंत्रही दमतं, माणूसही दमतो."

"आणि माणसं कशाला मोजायची?"

"माणूस गरम असतो, ताई. नुसता बसलेला माणूस म्हणजे शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा समजा. चार माणसं बसली की चार दिवे."

"झोपलेला?"

"थोडा मंद."

"आणि रडणारं बाळ?"

काकांची पेन्सिल थांबली. "हे तक्त्यात नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "पण विचारून बघतो."

हसत-खेळत कागद भरत आला. मग ते पश्चिमेच्या छोट्या खोलीच्या दारात उभे राहिले. बोळाच्या टोकाची ती खोली, खिडकी मोठी, आत एक पलंग आणि बाबांचं पायमशीन. काकांनी खिडकी मोजली, होकायंत्र बघितलं आणि तोंडानं च्यक् केलं.

"ही खोली दुपारी भाजणार. तीन वाजता इथं कोण असतं?"

"कुणी नाही. बाबा इथे फक्त रात्री झोपतात. दुपारी ते हॉलमध्ये असतात, आरामखुर्चीत."

"मास्तर आहेत का घरात? त्यांनाच विचारतो."

"दोरा आणायला गेलेत. पण मी सांगते ना. दोनला मी बटणला झोपवायला आत जाते तेव्हा ते खुर्चीत असतात, पाचला बाहेर येते तेव्हाही खुर्चीतच असतात."

"आणि मधे?"

तेव्हाच काका ते वाक्य बोलले, आठवून सांगू नका, बघून सांगा. तीन वाजताची मोजणी हा त्यांचा कामाचा रिवाज होता. भिंतीत मुरलेलं ऊन, तापलेलं छप्पर, पश्चिमेची खिडकी, सगळं त्या सुमाराला एकत्र अंगावर येतं. यंत्राची खरी परीक्षा तेव्हाच, म्हणून माणसंही तेव्हाचीच मोजायची.

"काका, माझ्याच घरातलं मला माहीत नसेल का?" ती हसून म्हणाली.

कागदावर लिहिलं गेलं: हॉल, एक माणूस. मोठी खोली, एक बाई, एक बाळ. छोटी खोली, दुपारी रिकामी, पडदा बंद. रिकाम्या खोलीला नळी बारीक पुरते. यंत्र तीन टनाचं ठरलं.

यंत्र बसलं, उन्हाळा लागला, आणि पहिले दोन आठवडे तिला आपल्या हुशारीचं कौतुक वाटत राहिलं. हॉलच्या भिंतीवर थर्मोस्टॅट लावला होता, बशीएवढा गोल, त्यात बारीक काळा डोळा. खोलीत हालचाल आहे की नाही हे तो डोळा बघायचा. बराच वेळ कुणी हललं नाही, की यंत्र समजायचं घरात कुणी नाही, आणि गारवा आपोआप कमी करायचं. हे सगळं फोनवर दिसायचं. आकडा, आणि शेजारी छोटंसं घराचं चित्र. घरात माणूस असला की चित्रात दिवा, नसला की अंधार.

एका दुपारी बटणच्या मानेवर घामोळं दिसलं. फोन उघडून बघते तो आकडा अठ्ठावीस, आणि चित्रातलं घर अंधारं.

अंधारं? ती होती, बटण होती, बाबा होते!

मोठ्या खोलीतून उठून बघायची सोय नव्हती. बटण झोपताना आईचं एक बोट मुठीत धरायची, आणि बोट सुटलं की तिची झोप गेलीच म्हणून समजा. दोन ते पाच ती बोटाला बांधलेली असायची. तिनं पडल्या पडल्या विचार केला. डोळा काही तिला बघत नव्हता, हॉलला बघत होता. म्हणजे बाबा फार स्तब्ध बसत असणार. सुईत दोरा ओवताना श्वास रोखून बसायची सवय, तीच पेपर वाचतानाही लागली असेल. दुसऱ्या दिवशी तिनं आरामखुर्ची सरकवून बरोबर डोळ्यासमोर आणली.

"ही काय तऱ्हा?" बाबा म्हणाले.

"बाबा, दुपारी जरा अधूनमधून हलत जा. त्या यंत्राला तुम्ही दिसत नाही."

"का गं? म्हातारा जिवंत आहे का बघतंय का ते?"

"तसंच समजा."

"बरं. हात हलवू का पाय?"

"काहीही हलवा, पण हलवा."

"हलवतो," बाबा म्हणाले, आणि पेपरात तोंड घातलं.

त्या दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी घर परत अंधारं झालं. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्याही. तिनं वहीत वेळा लिहिल्या. रोज दोनचाळीस ते साडेचार. इतकं नेमानं बिघडणारं यंत्र तिनं पाहिलं नव्हतं. राग यायच्या ऐवजी तिला नवलच वाटायला लागलं. सकाळी डोळा सगळं बघतो, संध्याकाळी बघतो, मग दुपारीच त्याला झापड का येते? खिडकीतलं ऊन डोळ्यावर पडतं म्हणून? तिनं पडदा ओढून बघितला. उकाड्यानं डोळा तापतो म्हणून? तिनं त्याच्यावर पुठ्ठ्याची टोपी चिकटवली. नवऱ्यानं घरी येऊन ती टोपी बघितली आणि म्हणाला, "आता याला झबलं पण शिवायला सांग बाबांना."

शेवटी तिनं काकांना फोन लावला. "तुमचा डोळा आंधळा आहे. उद्या पाचनंतर या, बाळ झोपलेलं असतं तोवर."

काका पाचला आले नाहीत. तीनला आले. घंटी न वाजवता दारातून फोन केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "माफ करा ताई, पण तीनचं दुखणं पाचला कसं दिसणार? दार उघडता का?"

ती वैतागली. बटणच्या मुठीतून बोट सोडवायला तिला पाच मिनिटं लागली, श्वास धरून, एकेक पेर करत. मग चवड्यावर चालत बाहेर आली, दार उघडलं, आणि वळली.

आरामखुर्ची रिकामी होती. पेपर घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवलेला. चष्मा नव्हता.

काका थर्मोस्टॅटसमोर गेले. काळ्या डोळ्यापुढून हात फिरवला. बशीत दिवा लागला. "डोळा ठणठणीत आहे, ताई," ते म्हणाले. "माणूसच नाही इथं."

"बाहेर गेले असतील," ती म्हणाली खरी, पण बाबांच्या चपला दाराशीच होत्या. स्वयंपाकघरात नव्हते. न्हाणीघरात नव्हते. बोळाच्या टोकाला छोट्या खोलीचं दार लावलेलं, आणि दाराच्या खालच्या फटीत आतून टॉवेल खोचलेला, नीट, कडेपासून कडेपर्यंत, शिंप्याच्या हातानं खोचावा तसा.

"हा टॉवेल…" काका बोलता बोलता थांबले. आतून पायमशीनचा आवाज आला. दोन टाके. मग थांबला. मग एक टाका.

तिनं दार ढकललं. उकळत्या पातेल्यावरचं झाकण उचलल्यासारखी वाफ तोंडावर आली. पडदा सताड उघडा, खिडकीतून ऊन थेट मशीनवर. बाबा गंजिफ्रॉकवर बसले होते, पाय पाण्याच्या बादलीत, तोंड लालबुंद. अंगावर घामाचा टिपूस नव्हता.

"बाबा!"

"हळू," ते म्हणाले, आणि ओठावर बोट ठेवलं. "ती उठेल."

"तुम्ही इथे काय करताय?"

"बरा आहे मी. एवढा फ्रॉक संपवतो."

तिनं मशीनवरचं कापड बघितलं. पिवळं, फुलाफुलांचं, बटणच्या मापाचं. गळा शिवून बंद केलेला होता. दोन्ही बाह्यांची भोकंही बंद. चारी बाजूंनी सरळ, सुबक, एकसारखी टीप घातलेली, जशी उशीला घालावी. ज्या माणसानं डोळे मिटून हजारो गळे कापले, त्यानं डोकं घालायला जागाच ठेवली नव्हती.

"बाबा, हे कुणाचं?"

बाबांनी फ्रॉककडे बघितलं, मग तिच्याकडे. "कुणाचं गं?" त्यांनी तिलाच विचारलं. जीभ जड झाली होती.

एरवी शिंकेला घाबरणारी ती, पण आता तिचे हात तिच्याआधी धावले. काकांच्या मदतीनं तिनं बाबांना उचलून हॉलमध्ये आणलं, जमिनीवर निजवलं, गंजिफ्रॉक कात्रीनं उभा फाडला. चादर पाण्यात बुडवून अंगावर टाकली, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली, पंखा पूर्ण सोडला. फोन कानाला लावून रुग्णवाहिका मागवली, पत्ता सांगताना एकदाही अडखळली नाही. आत बटण जागी झाली आणि तिनं टाहो फोडला. ती उठली नाही. काकांनी आत जाऊन बाळाला उचललं, खांद्यावर घेतलं, आणि टेपची पिवळी पट्टी तिच्यासमोर सोडत-ओढत येरझाऱ्या घालायला लागले. त्यांनी हात धुतलेत का, हे विचारायचंही तिच्या ध्यानात आलं नाही.

रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा-पाऊण तास गेला असता तर सांगता आलं नसतं. अंगाचा घाम आटला होता, डोकं चालेनासं झालं होतं. ताप उतरायला संध्याकाळ झाली. सलाइन लावलेले बाबा रात्री पहिलं वाक्य बोलले ते, "बटण झोपली का?" तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग ती तिथल्या बाकावर बसून हमसून हमसून रडली.

चौथ्या दिवशी बाबा घरी आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्यासमोर बसली.

"सांगितलं का नाहीत? मी तुम्हाला हलायला सांगत होते, खुर्ची सरकवत होते, त्या यंत्राला टोपी घालत होते, आणि तुम्ही 'हलवतो' म्हणत होतात!"

"हलवत होतोच की. पाय. मशीनवर."

"बाबा!"

"अगं, चिडू नकोस. हॉल आणि तुमची खोली, मधे भिंत एकच. मला दुपारी खोकल्याची ढास लागते. एकदा ती उठली होती बघ, तू दारातून डोकावून म्हणालीस, बाबा, जरा हळू."

तिला आठवत नव्हतं. शिंकांची नोंद होती, याची नव्हती.

"मी ते रागानं म्हटलं नसेल."

"नव्हतंच म्हटलंस. आई म्हणते तसंच म्हणालीस. म्हटलं, आपण आत बसू. दार लावलं, खाली टॉवेल दिला म्हणजे मशीनचाही आवाज जाणार नाही. साडेचारला परत खुर्चीत. तुला काय, मी खुर्चीत दिसलो म्हणजे तू निश्चिंत."

"आणि ऊन?"

"पडदा ओढला तर दोरा कसा दिसणार?"

त्या दुपारी काका कोरा कागद घेऊन आले. या वेळी तिनं कुणाला काही विचारलं नाही. बटणला कडेवर घेऊन, झोप मोडली तर मोडली म्हणत, सलग तीन दिवस तीनच्या ठोक्याला ती घरभर फिरली. जे दिसलं ते लिहिलं. सुटीच्या दिवशी नवरा स्वयंपाकघरात फ्रीज उघडून त्याच्यासमोर स्टूलवर बसलेला सापडला. "हे पण लिहिणार?" त्यानं विचारलं. "शंभर वॅट, स्वयंपाकघर," तिनं लिहिलं.

मग एका सकाळी काकांनी परत येऊन छोट्या खोलीत तिला गंमत दाखवली. कागदाची पट्टी जाळीला चिकटवली. दार उघडं, पट्टी फडफडली. दार लावून टॉवेल खोचला, पट्टी खाली पडल्यागत लोंबायला लागली.

"हवा आत यायची तर आतली बाहेर जायला वाट पाहिजे ना?" काका म्हणाले. "भरलेल्या बाटलीत आणखी पाणी कसं ओताल? एक तर नळी बारीक, त्यात टॉवेल. या खोलीत गारव्याचा थेंब आला नसेल. आणि ही खिडकी, पडदा उघडा असला की दुपारी सहा माणसांएवढी तापते. मास्तर एकटे नव्हते इथं. सातजण बसले होते."

मग यंत्र मोठं घ्यावं लागणार का, हा तिचा पहिला प्रश्न. नाही, काका म्हणाले. यंत्र बरोबर आहे, वाटणी चुकली आहे. नळी रुंद करू, थर्मोस्टॅटचा एक छोटा साथीदार या खोलीत लावू, दार खालून कापू, आणि ऊन काचेच्या बाहेरच अडवू.

"दार कापणार?" पलंगावरून बाबा म्हणाले. "पायजम्यासारखं?"

"दोन बोटं वर घ्यायचं, मास्तर."

"दोन नको, तीन घ्या. आणि कडा नीट दाबा, दोरे निघतील."

ऊन अडवायला काका बाजारातली ताडपत्री आणणार होते. बाबांनी ती बघितली, चिमटीत धरली आणि नाक मुरडलं. मग जाड कापड आणवून, सकाळच्या गार वेळात, हॉलमध्ये मशीन आणून त्यांनी स्वतः खिडकीबाहेरची उतरती झडप शिवली. उतार किती ठेवायचा यावरून काकांशी त्यांचा तासभर वाद झाला. होकायंत्र एकाकडे, टेप दुसऱ्याकडे. बटण मशीनच्या खडखडाटात सतरंजीवर झोपून गेली, कुणाचंही बोट न धरता. मोठ्या खोलीचं दार त्या दिवसापासून दुपारी उघडं राहायला लागलं.

आता दुपारी छोट्या खोलीचा आकडा पंचवीसवर असतो. बाबा तिथेच बसतात, त्यांना ती खोली आवडते. खोकतात, हवं तितकं खोकतात. ती अधूनमधून पाण्याचा पेला घेऊन जाते. ते पेल्याकडे बघून "पुन्हा?" म्हणतात, ती "पुन्हा" म्हणते, आणि पाणी संपेपर्यंत हलत नाही. "मी बरा आहे" या उत्तराचा तिनं धसका घेतला आहे. बरी नसलेली माणसंही तेच म्हणतात, हे तिला आता पक्कं माहीत झालंय.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या घरात, नाहीतर वरच्या मजल्यावर, नाहीतर समोरच्या बिऱ्हाडात, कुणाला त्रास नको म्हणून दार लावून बसणारं एखादं माणूस असेलच. बाहेर ऊन असेल तर हे बाजूला ठेवा आणि त्यांच्याकडे जा. नुसती बाहेरून हाक मारू नका, आतून आलेल्या उत्तरावर परतू नका. पेलाभर पाणी घेऊन आत जा, हाताला हात लावून बघा, आणि थोडा वेळ तिथेच बसा.